अत्तऱ्याचं बोट

हातमोजे नंतर घाला, आधी ऐका. उद्यापासून तुम्ही ॲम्ब्युलन्सवर जाणार, म्हणून सांगतोय.

माझ्या गाडीवर एक अटेंडंट होता. कायम रुमालाला अत्तर, म्हणून सगळे त्याला अत्तऱ्या म्हणायचे. मंगळवारची रात्र, दोन वाजून दहा मिनिटं. ऑक्सिजनचा सिलेंडर बदलून आम्ही परत येत होतो, तेवढ्यात कॉल आला.

दुसऱ्या मजल्यावर एक म्हातारे गृहस्थ जमिनीवर पडलेले. अंगभर उलटी. मुलगी त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली. अत्तऱ्यानं नाकाला रुमाल लावला आणि तिच्या तोंडावर म्हणाला, "शी! आधी पुसून तरी घ्यायचं!"

उलटीची मला कधी किळस आली नाही. त्या 'शी'ची आजही येते.

गाडी चालवताना मी आरशात पाहिलं. ऑक्सिमीटर, बोटाला चिमट्यासारखा लावून रक्तातला ऑक्सिजन बघतात तो, त्यानं म्हाताऱ्याला लावलाच नाही. घाण लागेल ना हाताला! सरळ स्वतःच्या बोटाला लावला. अठ्ठ्याण्णव आले, तेच कागदावर लिहिले. ऑक्सिजन सुरूच केला नाही.

"दादा, बाबांचे ओठ काळे पडलेत हो..."

"लाइटमुळे वाटतं तसं, ताई. ठणठणीत आहेत."

"मग काका, तुम्ही काही बोलला नाहीत?" असंच विचारताय ना आता तुम्ही?

नाही बोललो. तोंडात मिठाची गुळणी धरली. थुंका माझ्यावर, हक्क आहे तुमचा.

हॉस्पिटलच्या दारात म्हातारा गेला.

पावणेचारला गाडी धुऊन झाली. अत्तऱ्या आत पाय पसरून बसला होता. मी बादली ठेवायला गेलो, तर हाक आली.

"काका... हे निघत नाहीये."

ऑक्सिमीटर त्याच्या बोटावर.

"कशाला लावलास?"

"मी नाही लावला..."

आकडा ब्याऐंशी. मग सत्तर. मग एकावन्न.

माणूस धडधाकट. श्वास चालू. आणि धुतलेल्या गाडीत... उलटीचा वास.

"काका... हात धरलाय कुणीतरी. ओला हात आहे..."

मी हिसका मारला. निघाला. पडद्यावर आकड्याच्या जागी नुसत्या रेषा.

दुसऱ्या दिवशी त्यानं नोकरी सोडली. मागच्या महिन्यात त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन होतं, मी भेटायला गेलो होतो. नर्सनं बोटाला तेच ऑक्सिजनचं मशीन लावलं. आकडा नाहीच, रेषा. दुसरं बोट... रेषा. दहाही बोटं झाली. अत्तऱ्या शुद्धीवर, टक्क माझ्याकडे बघत.

नर्सनं स्वतःच्या बोटाला लावून पाहिलं. मशीन चांगलं चालत होतं.