मिठाच्या रानातली पिल्लं

रोहित पक्ष्यांची, म्हणजे फ्लेमिंगोंची, पिल्लं घरटी सोडून चालत निघतात, ते दृश्य फार थोड्या माणसांनी पाहिलं होतं. ताईला ते पडद्यावर आणायचं होतं. तेवढ्यासाठी आम्ही चौघं त्या मिठाच्या रानात शिरलो!

ताई स्वतःच्या हिमतीवर माहितीपट काढायची. पाठीशी ना बडी कंपनी, ना कुठलं चॅनल. सायकलदुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली, हेच आमचं ऑफिस. खाली हातोडी वाजायला लागली की वर संकलन थांबायचं आणि स्टोव्हवर चहा चढायचा. कॅमेरा ताईचा सख्खा मोठा भाऊ सांभाळायचा; तो आम्हा सगळ्यांचाच दादा. गाडी मामांच्या हाती. ते कुणाचेच मामा नव्हते, पण दुसरी कुठलीही हाक त्यांना शोभली नसती. मी आवाज टिपायचो, म्हणून दादाने माझं बारसं ‘कानोबा’ असं केलेलं. माझं खरं नाव त्या खोलीत कुणाला ठाऊक असेल, असं मला वाटत नाही.

दादाचा आमच्याबरोबरचा हा शेवटचा माहितीपट होता. तो आणि वहिनी मुलीजवळ राहायला लांबच्या शहरात निघाले होते. त्याबद्दल बोलायचं नाही, हे न ठरवताच ठरलं होतं.

मिठाचं रान म्हणजे एका अंगाला समुद्राची खाडी आणि बाकी नजर पोचेल तिथवर पांढरी सपाटी. वर मिठाचा पापुद्रा, खाली काळा चिखल. पक्ष्यांची वस्ती अगदी मधोमध, जिथे कोल्हासुद्धा फिरकत नाही.

“जमीन बघा, काचेसारखी!” मामा खुशीत म्हणाले आणि आपलं बेसूर गाणं सुरू केलं.

दुसरं कडवं यायच्या आत खालून आवाज आला. कर्रर्र! गाडीचं नाक खाली गेलं. पुढची दोन्ही चाकं चिखलात!

“मामा, काचेसारखी ना?” दादाने विचारलं.

“काचच होती,” मामा शांतपणे म्हणाले. “फुटली.”

फळ्या घातल्या, ढकललं, खणलं. गाडी हलायला तयार नाही. शेवटी मामा गाडीपाशी थांबले आणि आम्ही तिघं सामान प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात भरून, टबाला दोर बांधून ओढत निघालो. समोर क्षितिजावर एक गुलाबी रेघ थरथरत होती. ती खरी की मृगजळ, यावर बहीण-भाऊ वाटभर भांडले.

“चिमे, तुला लहानपणापासून सगळं गुलाबीच दिसतं,” दादा म्हणाला.

“आणि तुला कधी दिसत नाही, म्हणून तर मी बरोबर असते!”

ती रेघ खरी होती. उन्हं कलताना आम्ही वस्तीजवळ पोचलो. चिखलाची उभट घरटी, उलट्या ठेवलेल्या बादल्यांसारखी, रांगाच्या रांगा. त्यांच्यावर आणि त्यांच्यामध्ये हजारो पक्षी! आणि त्यांच्या लांब पायांच्या जंगलात करड्या लोकरीच्या गुंड्यांसारखी पिल्लं. कलकलाट असा, की हेडफोन लावताच मी दचकलो. ताईने दादाचा दंड घट्ट धरला होता, जत्रेत लहान मूल धरतं तसा.

वस्तीच्या अलीकडे वाळूचा एक लांबट उंचवटा होता, त्या भागातली तेवढीच कोरडी जागा. तिथे आम्ही चिखलाच्या रंगाचं कापड काठ्यांवर ताणून आडोसा केला. आत कॅमेरा रोवला. मायक्रोफोन मी पुढे वाळूत पुरला आणि त्याची लांबलचक तार मागे आणली. अंधार पडायच्या आत तिघंही दाटीवाटीने आडवे झालो.

पहाटे वाऱ्याने जाग आली. दिशा बदलली होती. वारा खाडीकडून येत होता आणि येताना पाणी ढकलत होता!

आधी नुसती ओल चमकली. मग पाण्याचा पातळ पदर सरपटत आला. बघता बघता खालची घरटी लाटांत बुडायला लागली. मोठे पक्षी उठले. गुलाबी पंखांचा वादळी ढग आभाळात गेला. आणि खाली पिल्लांचा लोंढा हलला.

“चालली!” ताई कुजबुजली. “दादा, चालली!”

“दिसतंय, दिसतंय.” दादाचा डोळा भिंगाला चिकटला होता.

चार-सहा मोठे पक्षी पुढे, आणि मागे शेकडो पिल्लं, धडपडत, एकमेकांवर आपटत. सरळ आमच्याकडे! असं दृश्य कॅमेऱ्यापुढे आयुष्यात एकदा येतं.

आणि पिल्लं थांबली.

पुढच्या पक्ष्याने मान उंच केली, आमच्या फडफडणाऱ्या आडोशाकडे पाहिलं आणि तो मागे वळला. सगळा लोंढा वळला. पुन्हा पुढे आला, पुन्हा बिचकला. मागच्या बाजूला नुकतीच घरट्यातून उतरलेली पिल्लं लाटांखाली जात होती. एक बुडालं, वर आलं. दुसरं वर आलंच नाही.

कोरडी जागा एकच होती, आणि तिच्यावर आम्ही बसलो होतो.

ताईचा चेहरा मला अजून दिसतो. किती दिवस ती या क्षणाची वाट पाहत होती, हे आम्हालाच ठाऊक!

“जागा सोडायची,” ती म्हणाली. “उभं राहायचं नाही. सरपटत, बाजूने, पाण्यात.”

“कॅमेरा?” मी विचारलं.

“तो उचलायला उभं राहावं लागेल.”

दादाने भिंगावरून डोळा काढला. कॅमेरा त्याचा स्वतःचा होता. त्या कॅमेऱ्यावरच तो हे काम शिकला होता. त्याने हळूच काठ्या उपटल्या, कॅमेऱ्याचं तिपाई तिकाटणं आडवं केलं आणि कापड कॅमेऱ्यावर पांघरुणासारखं पसरलं.

“चल कानोबा,” तो म्हणाला. “पोट आत घे.”

पोटावर सरपटत आम्ही थंडगार पाण्यात उतरलो; रिकामा टब ताईने दोराने मागे ओढत आणला. रेकॉर्डर माझ्या गळ्यात होता आणि मागे तार सुटत होती. कानांत आधी नुसता वारा. मग टपटप, टपटप! ओल्या वाळूवर शेकडो चिमुकली पावलं! मी मान वळवली. पिल्लं उंचवट्यावर चढत होती, आमच्या कापडावरून, कॅमेऱ्यावरून! तार ताणली गेली. मी ती रेकॉर्डरमधून उपसून सोडून दिली.

मग जीव वाचवायची आमची पाळी आली. पाणी गुडघ्यापर्यंत होतं, पण खालचा चिखल पाय सोडेना. वाऱ्याबरोबर खारं धुकं उडत होतं. गाडी कुठे, काही दिसेना. अचानक दादा मांड्यांपर्यंत रुतला.

“हलू नकोस!” ताई ओरडली. तिने टब पालथा घातला, त्यावर स्वतः आडवी झाली आणि दादाच्या काखेखाली दोन्ही हात घातले. मी तिचे पाय धरले. ओढ! पुन्हा ओढ! चिखलाने शेवटी त्याला सोडलं, पण बूट ठेवून घेतले.

“वहिनीला काय सांगू मी?” ताई धापा टाकत म्हणाली. डोळे भरले होते.

“सांग, नवीन बूट घे म्हणून.”

आम्ही तिघंही वेड्यासारखे हसलो. तेवढ्यात वाऱ्यात काहीतरी वाजलं. मी हात वर केला. “गप्प! एकदम गप्प!”

हॉर्न! मामा थांबून थांबून हॉर्न वाजवत होते. तो आवाज डाव्या अंगाला होता. आम्ही भलतीकडेच चाललो होतो. मी पुढे, माझ्या पट्ट्याला धरून ताई, तिच्या मागे अनवाणी दादा. हॉर्नचा आवाज बारीक होत गेला, बॅटरी संपत आली होती. पण बंद पडायच्या आत धुक्यातून गाडीचा टप दिसला, आणि टपावर उभे राहून दोन्ही हात हलवणारे मामा!

“हॉर्न कोण वाजवतंय मग?” दादाने विचारलं.

“खिडकीतून काठी घालून स्टिअरिंगला अडकवलीय, तिचं वरचं टोक पायाने दाबतोय,” मामा म्हणाले आणि मटकन खाली बसून रडायला लागले.

वारा पडेपर्यंत आम्ही चौघं त्या टपावर एका चादरीखाली बसलो होतो. दुसऱ्या दिवशी जवळच्या मिठागरातल्या ट्रॅक्टरने गाडी ओढून काढली. ट्रॅक्टरवाला कॅमेरा आणायला निघाला होता. दादानेच त्याला अडवलं.

“पिल्लं आहेत तिथे. राहू दे. माझ्यापेक्षा त्या कॅमेऱ्यानेच जवळून पाहिलं त्यांना.”

माहितीपटात ते दृश्य नाही. त्या जागी पडद्यावर नुसतं पांढरं मीठ दिसतं आणि पावलं ऐकू येतात. ताईने ती तशीच ठेवली.

पण मला आठवतो तो परतीचा रस्ता. गाडीत चिखलाचा वास, खिडक्या उघड्या, मामा बेसूर गात होते आणि त्या दिवशी कुणीच त्यांना थांबवत नव्हतं. ताई दादाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. तिची झोप मोडू नये म्हणून तो अवघडून, जराही न हलता बसला होता. शहराचे दिवे दिसायला लागले, तेव्हा त्याने पुढे वाकून अगदी हळू सांगितलं, “मामा, जरा लांबच्या रस्त्याने घ्या.”

मामांनी काही न विचारता गाडी वळवली.