स्क्रीन कुणाची, ते विचारलं नाही

ही गोष्ट खरी आहे. पटत नसेल तर ओमानमध्ये सलालाला या, गाडी अजून मुसल्लमच्या दारात उभी आहे. तिच्या मागच्या सीटवर दहा मिनिटं बसून दाखवा, मग बोलू.

मुसल्लम आणि मी बंदराच्या कचेरीत चौदा वर्षं शेजारी बसतो. थापा मारणं त्याला जमत नाही. रजा हवी असली तरी खोटं कारण मलाच सुचवावं लागतं. हे सगळं त्यानेच मला सांगितलं. शेवटचं तर मी स्वतः पाहिलंय.

गेल्या वर्षीचा ऑगस्ट. मंगळवार. दुपारचे पावणेचार.

हो, दुपारचे. भुतं रात्रीच निघतात असं वाटणाऱ्यांनी आमचा खरीफ पाहिलेला नाही. खरीफ म्हणजे इथे पीक नव्हे, धुकं. तीन महिने डोंगरावर असं धुकं, की आपल्याच गाडीचं नाक आपल्याला दिसत नाही.

पण सुरुवात त्याच्या महिनाभर आधी झाली...

एका दुकानात.

मुसल्लमच्या जुन्या जीपमधला टेप मेला होता. खरीफमध्ये पाहुण्यांना डोंगरावर न्यायचं, तर नकाशा दाखवणारी, गाणी वाजवणारी टचस्क्रीन हवीच, असं त्याच्या मनाने घेतलं. दुकानदार सालमीन, येमेनमधल्या हदरमौतकडचा. बोलण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही.

"ही घे, दहा इंची," सालमीन म्हणाला. "मागचा कॅमेरा लागतो, ब्लूटूथवर फोन जोडतो, पेनड्राइव्ह चालतो. अजून काय, जेवायला वाढू का हिने?"

"उन्हात दिसते का?" मुसल्लमने विचारलं.

"उन्हात कशाला बघतोस? गाडी चालव ना."

मुसल्लमने ती दुकानाबाहेर उन्हात नेली. आरसा झाली, स्वतःचंच तोंड दिसलं. दुसरी घेतली. ती नेट नसलं की नकाशा विसरायची, आणि डोंगरावर नेट कुठलं? तिसरी बसवायला डॅशबोर्ड कापावा लागणार होता. मुसल्लम ओठ चावत उभा राहिला. तो लग्नालाही इतका विचार करून उभा राहिला नव्हता, असं त्याची बायको तफूल म्हणते.

मग सालमीनने काउंटरखालून एक जुनी स्क्रीन काढली. अस्सल, त्याच मॉडेलच्या गाडीतली. वायर कापायला नको, डॅशबोर्ड कापायला नको. उन्हात स्वच्छ दिसली. नकाशा तिच्या पोटातच होता, डोंगरातल्या बारीक पायवाटांसकट. वर किंमत नवीच्या निम्मी.

मुसल्लमने दर बटण दाबून पाहिलं. आवाज, नकाशा, गाणी, सगळं तपासलं.

एकच गोष्ट विचारली नाही.

घरी आल्यावर त्याच्या म्हाताऱ्या बापाने, सुहैलने, ती पहिल्यांदा विचारली. सुहैलचा सगळा जन्म उंटांत गेला.

"कुणाची होती?"

"बाबा, स्क्रीन आहे ती. उंट नाही."

"उंट घेताना त्याच्या आईची आई विचारतोस," सुहैल म्हणाला. "आणि ही दारात आणून बांधलीस, मालक विचारला नाहीस?"

मुसल्लम हसला. तेव्हा हसू येत होतं.

दुसऱ्या दिवशी किल्ली फिरवली. स्क्रीन उजळली. वर अक्षरं आली...

"हादीचा फोन जोडला आहे."

मुसल्लमचा फोन घरात चार्जिंगला होता. आजूबाजूला कुणी हादी नव्हता.

नकाशावर निळी रेघ उमटली. ती डोंगर चढून पलीकडे जात होती. टोकाला एकच शब्द. घर.

मुसल्लमचं घर समुद्राजवळ, नारळाच्या बागांपाशी. त्याने ते घर पुसलं, आपलं टाकलं. संध्याकाळी पुन्हा रेघ डोंगरावर. सालमीनने समोर बसून सगळी स्क्रीन कोरी केली. सकाळी पुन्हा तेच...

घर. एकोणसाठ किलोमीटर.

आणखी एक बदल झाला होता. त्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. मुसल्लमची सहा वर्षांची लेक गुसून आधी मागच्या सीटवर आडवी पसरायची. आता ती खिडकीला चिकटून, अंग चोरून बसू लागली. रसाच्या डब्या दोन मागायची.

"खादाड झालीये," तफूल म्हणायची.

दुसरी डबी कधी कुणी रिकामी पाहिली नाही. ती सीटवर तशीच असायची. नळी मात्र खोचलेली.

तो मंगळवार आला. मुसल्लम गुसूनला डोंगरावरच्या आत्याकडून परत आणत होता. धुकं खाली बसलं. काचेपुढे सगळं पांढरं. तो स्क्रीनकडे बघत गाडी हाकत होता, कारण दुसरं काही दिसतच नव्हतं.

गाणं सुरू झालं.

जुनं, बायकांनी टाळ्या वाजवत म्हटलेलं. मुसल्लमने पेनड्राइव्हकडे पाहिलं. पेनड्राइव्ह त्याच्या खिशात होता...

त्याने आवाज बंद केला. गाणं चालूच. त्याने स्क्रीन बंद केली. ती पुन्हा उजळली.

मागे गुसून टाळ्या वाजवत होती. ठेक्यात, अगदी बरोबर. ते गाणं तिने आयुष्यात ऐकलं नव्हतं.

आणि टाळ्या... एका जोडीच्या वाटत नव्हत्या.

गाणं मध्येच तुटलं. फोन वाजू लागला, गाडीच्या चारी कोपऱ्यांतून. स्क्रीनवर हादीचं नाव. मुसल्लमने हात लावला नाही. तो आपोआप उचलला गेला.

आधी नुसता वारा. मग एका म्हातारीचा आवाज.

"कुठवर आलात रे दोघं? जेवण निवतंय."

मुसल्लमने स्क्रीनकडे बोट नेलं. ते पोचायच्या आत फोन बंद झाला. इंजिनाचा आवाजही ऐकू येईनासा झाला. मग स्क्रीनमधला रोजचा बाईचा आवाज नाही, एका पुरुषाचा आवाज आला, अगदी कानाशी...

"थांब."

त्याने ब्रेकवर उभं राहावं तसा पाय दाबला. गाडी घसरत थांबली. धुकं जरा हललं.

बॉनेटपासून हातभर अंतरावर उंट होता. त्याच्यामागे दुसरा, तिसरा. वीसेक उंट रस्ता ओलांडत होते. एकाच्याही पायाचा आवाज नव्हता.

मुसल्लमने लेकीला पोटाशी धरलं आणि धुकं सरेपर्यंत तिथेच बसून राहिला. तो रडला, असं तो मला सरळ सांगतो.

दुसऱ्या दिवशी त्याने सालमीनची कॉलर धरली.

"कुणाची होती?"

"सोड रे. भंगारवाल्याकडून आणली," सालमीन पुटपुटला. "मागच्या खरीफमध्ये एक गाडी उंटावर आदळली होती. चालवणारा जागीच गेला. हादी नाव. पुढचं मी विचारलं नाही. धंद्यात कोण विचारतं?"

मुसल्लम स्क्रीन उपटून समुद्रात फेकणार होता. सुहैलने अडवलं.

"विकत आणलेला उंट पहिले काही दिवस मूळच्या घराकडे तोंड करून उभा राहतो," तो म्हणाला. "म्हणून आपण पायबंद घालतो. पण एखादा काही केल्या ऐकत नाही, दोरी तोडून पायातून रक्त काढतो. त्याला मारून उपयोग नाही. त्याला नेऊन पोचवायचा. तुझी पोर वाचवली त्याने, एवढं तर देणं लागतोस."

शुक्रवारी नमाजानंतर निघाले. गुसूनला न्यायचं नव्हतं, पण ती गाडीच्या दाराला धरून अशी रडली की तफूलच म्हणाली, घेऊन जा. सुहैल पुढे बसला. गुसून मागे, खिडकीला चिकटून.

यावेळी मुसल्लमने निळी रेघ पुसली नाही. ती नेईल तिकडे गेला. एकोणसाठ किलोमीटर. चाळीस. बारा. स्क्रीन गप्प होती. शेवटच्या वळणानंतर एक पांढरं घर, दाराशी लोबानाचा धूर, आणि उंबऱ्यात एक म्हातारी.

जणू गाडी रोजचीच होती, तशी म्हातारी उठून उभी राहिली.

मुसल्लम उतरला, सलाम केला, मान खाली घालून सगळं सांगितलं. फोनचंही सांगितलं.

"माझ्याकडे फोन कुठला, बाळा?" ती म्हणाली. "पण त्या दिवशी जेवण मांडून हेच म्हणत बसले होते मी. रोज म्हणते."

सुहैलने स्क्रीन काढून तिच्या ओंजळीत ठेवली. वायरी लोंबत होत्या, कुठेच जोडलेल्या नव्हत्या.

ती उजळली...

"आपण पोचला आहात."

आणि विझली. परत कधी लागली नाही.

म्हातारीने ती ओढणीच्या टोकाने पुसली. सुहैलने डोळे टिपले. मुसल्लमला छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं. संपलं एकदाचं, असं त्याला वाटलं.

म्हातारीने कहवा, म्हणजे वेलचीची कॉफी, ओतला. मग मान वर करून गाडीकडे पाहिलं.

"हादी आला," ती म्हणाली. "आणि पोरगी कुठे राहिली?"

"कुठली पोरगी, खाला?"

"त्याची लेक. सहा वर्षांची. त्याच्याबरोबरच गेली, मागच्या सीटवर होती ना."

मुसल्लमने प्याला तिथेच टाकला. तो गाडीकडे धावला. गुसून खिडकीला चिकटून बसली होती. तोंड मधल्या रिकाम्या जागेकडे. हळू आवाजात समजूत काढत होती.

"गुसून, उतर बेटा. चल."

गुसूनने बापाकडे पाहिलं.

"मी उतरते, बाबा. पण ती नाही म्हणते. तिला आता आपल्याकडेच राहायचंय."

म्हातारी गाडीपाशी आली. नातीला नावाने हाका मारल्या. खूप वेळ मारल्या. शेवटी खजुराची पुडी मागच्या सीटवर ठेवली आणि वळली. मुसल्लमला म्हणाली, "तिला गाडी लागते. हळू चालव."

परत आल्यावर तफूलने गाडीत लोबान फिरवला. आत कुणी नव्हतं, गुसून तिच्या कडेवर होती. धूर मागच्या सीटवर पोचला, आणि आत...

एक लहान मूल खोकलं.

याला आता वर्ष होत आलं. डॅशबोर्डमधलं भोक तसंच आहे, मुसल्लमने तिथे काही बसवलं नाही. मागच्या आठवड्यात तो रजेवर होता, तरी मला कचेरीतून घरी सोडायला आला. मी मागचं दार उघडलं. गुसून खिडकीला चिकटून बसली होती. मधे रसाची डबी, नळी खोचलेली.

"काका, पुढे बसा," ती म्हणाली. "इथे जागा नाही."

मी पुढे बसलो. घर येईपर्यंत मागे वळून पाहिलं नाही. आरशातही नाही.

उतरताना मी मुसल्लमला बाजूला घेऊन म्हटलं, वेड्या, विकून टाक ना ही गाडी.

"गिऱ्हाईक दोनदा आलं," तो म्हणाला. "दोन्ही वेळा मीच परत पाठवलं. गाडी विकली, तर ती गाडीबरोबर जाईल की गुसूनबरोबर घरात येईल?"

त्याने सुहैललाही हे विचारलं होतं. आयुष्यभर उंट राखलेला तो म्हातारा अंगणात बसून होता. त्याने गाडीकडे पाहिलं, नातीकडे पाहिलं, आणि उठून उंटाचा जुना पायबंद मागच्या सीटखाली ठेवला.