पावलोपावली खजिना

चंद्रावरच्या वसाहतीत राहणाऱ्या केतकीला एक कोडं काही केल्या सुटत नव्हतं. बक्षिसं वाढवली, तरी ओजस कमी का चालतो?

ओजस तिचा धाकटा भाऊ, चंद्रावरच जन्मलेला. चंद्राचं गुरुत्वाकर्षण (वस्तूला खाली ओढणारा जोर) पृथ्वीच्या एक षष्ठांश, त्यामुळे त्याचे पाय लेचेपेचे राहिले होते. सगळे पृथ्वीवर राहायला जाणार होते, पण त्याआधी ओजसच्या पायांची चाचणी होती आणि ती आठवड्यावर आली होती. त्यात तो नापास झाला, तर बाबा आणि केतकी पृथ्वीवर जाणार आणि ओजस आईबरोबर मागे राहणार.

म्हणून केतकीने सरकत्या पट्ट्यावर चालता चालता खेळायचा गेम बनवला होता. कमरेचे पट्टे ओजसला खाली ओढून धरत आणि चष्म्यात एक मोकळं जग (वाटेल तिकडे भटकता येईल असा गेम) दिसे. त्यात तिने पावलोपावली खजिने पेरले होते. पहिल्या दिवशी स्वारी खूश. आज मात्र तो चार पावलं टाकून पट्ट्यावरच फतकल मारून बसला.

रडकुंडीला येऊन तिने सुमेधाआत्याला गाठलं. आत्या मेंदूची शास्त्रज्ञ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि परवाच्या बारशाची आठवण काढली. पंगतीत केतकीने ओजसला जिलबीचा आग्रह करकरून हैराण केलं होतं. शेवटी त्याने पानावर आडवा हात धरला.

"गेममध्येही तू आग्रहच करते आहेस," आत्या म्हणाली. "आपला मेंदू आधी अंदाज बांधतो. अंदाजापेक्षा जास्त मिळालं, की डोपामिन (मेंदूतलं एक रसायन) वाढतं आणि पुन्हा करावंसं वाटतं. मिळणार हे ठाऊकच असेल, तर त्याचं कसलं अप्रूप?"

मग फक्त वाट बघायला लावायची का, असं केतकीने विचारलं. तसंही नाही, आत्याने समजावलं. लांबचं काहीतरी दिसावं, तिकडे आपल्या मनाने निघावं, वाटेत थोडी धाप लागावी, मग विसावा मिळावा. याला गेमची गती राखणं म्हणतात, कधी ताण, कधी आराम.

केतकीने खजिने पुसून टाकले. उरलं एक माळरान, मध्ये ओढा आणि लांबच्या डोंगरावर एक दिवा.

ओजस उभा राहिला. हलेचना. एक तरी खजिना टाकावा म्हणून केतकीचा हात बटणाकडे गेला, तो शेजारी उभ्या असलेल्या आत्याने धरून ठेवला.

"ताई, तिकडे काय चमकतंय?"

तो निघाला. ओढ्याशी थांबला, पाण्यात दगड टाकत बसला. केतकीला वाटलं, संपलं सगळं. पण तो उठला आणि चढणीला लागला. चढणीवर पट्टे जास्त ओढत होते. त्याचे पाय लटपटत होते, तरी तो थांबला नाही.

वर कसलंच बक्षीस नव्हतं. तिथून सबंध माळ दिसत होता आणि त्यावर उमटलेली त्याची स्वतःची पावलं. ओजस कितीतरी वेळ ती बघत राहिला. मग त्याने विचारलं, "डोंगराच्या पलीकडे काय आहे?"

"अजून काहीच नाही," केतकी म्हणाली. "चाचणी झाली आणि पृथ्वीच्या यानात बसलो, की दोघं मिळून करू."