पलीकडचे ढग

ताडपत्रीच्या पलीकडे पुन्हा ढग गडगडले आणि मी हातातली संहिता खुर्चीवर आपटली.

आकाश अगदी स्वच्छ होतं. बागेत त्याच संध्याकाळी गावातल्या नाट्यसंस्थांच्या एकांकिका होणार होत्या, आणि आयोजकांनी दोन रंगमंच पाठीला पाठ लावून उभे केले होते. मध्ये फक्त एक ताडपत्री. अलीकडे माझी एकांकिका — आई आणि मुलगी भांडून भांडून थकतात, आणि मग शांतता. त्या शांततेसाठीच तर सगळं लिहिलं होतं. पण संस्था मामाची. ही एकांकिका पडली तर पुढच्या वर्षी पुन्हा आपलं विनोदी नाटक, असं त्याने बजावलं होतं. त्या नाटकात मी वर्षानुवर्षं कपाटात बसून शिंकत आले होते.

तरातरा पलीकडे गेले. एक उंच, किडकिडीत माणूस ढगांचा आवाज काढायचा टांगलेला पत्रा धरून उभा होता.

“तुमचे ढग जरा आवरता का?”

“कुठले? बारीक की मोठे?”

“सगळे.”

“मोठा एकच आहे. राजावर वीज पडते तेव्हाचा.”

“ती राजावर नाही, आमच्या शांततेवर पडतेय.”

त्याने पत्रा हलू नये म्हणून तळहाताने दाबून धरला. “तुमची शांतता कुठे येते?”

आजवर मला हे कुणी विचारलं नव्हतं. मामा विचारायचा, हशा कुठे येतो. मी उत्तर दिलं, पण जरा तुसडेपणानेच.

पुढच्या तालमीतही तेच. त्याच्या पुढच्याही. दर वेळी मी भांडायला गेले, दर वेळी तो राजाकडे बोट दाखवून हळहळला. एकदा बसायला खोकं पुढे केलं. एकदा माझ्या केसांत अडकलेलं वाळकं पान काढायला हात उचलला, आणि… नुसतंच बोटाने दाखवलं. मी मनातल्या मनात त्याचं नाव गडगडे ठेवलं. शेवटी गडगडे म्हणाला, संध्याकाळी तुमची शांतता संपेपर्यंत पत्र्याला हात लावणार नाही. शब्द दिला.

संध्याकाळी शांतता आली. काय सांगू, खरीखुरी आली. पुढच्या रांगेतल्या बाईंनी पदराने वारा घेणंसुद्धा थांबवलं. आता आईचं काम करणारी माझी मावशी उठणार आणि शेवटचं वाक्य म्हणणार…

मावशी उठेना. मी विंगेतून वाक्य पुटपुटले, तर तिने डोळे वर केले. थेट आकाशाकडे. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं. दिवसभर प्रत्येक तालमीत ती ढग गडगडल्यावरच उठली होती. तिच्या लेखी उठायची खूण तीच होती.

मी वाकून ताडपत्रीखालून पलीकडे घुसले. तिथे राजा दोन्ही हात पसरून, घसा फोडून, आकाशाला वीज पाडायला सांगत होता. बहुतेक बऱ्याच वेळापासून. दिग्दर्शक दात-ओठ खात होता, आणि गडगडे हात पाठीमागे बांधून घामाघूम उभा.

“वाजवा,” मी कुजबुजले.

“संपली तुमची शांतता?”

“संपतच नाहीये. वाजवा ना.”

“पण मी शब्द—”

मीच पत्रा धरला. तेव्हा कुठे त्याने दुसरी कड धरली, आणि आम्ही दोघांनी तो गदागदा हलवला. राजा सुटल्यासारखा कोसळला. ताडपत्रीपलीकडून मावशीचा आवाज आला, “चल, जेवून घे.” मग टाळ्या.

मामा डोळे पुसत आला. म्हणाला, पुढच्या वर्षीही तूच लिही, फक्त मला एक न बोलणारं काम दे.

मी मात्र गडगडेवर भडकले होते. तो पत्रा गुंडाळत होता.

“कुणी सांगितलं होतं एवढा शब्द पाळायला? तुमचं नाटक पडलं असतं.”

“पडलं असतं,” तो म्हणाला. “पण शब्द मोडला असता, तर तुम्ही परत कधी भांडायलाही आला नसतात.”



“सकाळपासून तुमचा राग येतोय मला,” मी म्हटलं. “दुसरं काही सुचतच नाहीये.”

त्याने मान वर केली. हसला नाही, हे बरं केलं.

“उद्याही येईल?”

“येणारच.”

“मग मीही येतो… कुठे येऊ?”

मी घरचा पत्ता सांगितला. तितक्याच वैतागाने. आणि वर म्हटलं, उशीर केलात तर बघा.