एका दमात बाटली

"चारला सुरू करावंच लागेल," डॉक्टर स्नेहा म्हणाल्या. "त्याआधी कोणी खरं बोललं तर बरं."

नवनाथरावांनी घड्याळ पाहिलं. तीन वाजून पाच मिनिटं. अतिदक्षता विभागाच्या दारातून जीवनचा एक पाय तेवढा दिसत होता. एकोणीस वर्षांचं पोर.

बाहेर बाकाच्या एका टोकाला त्याचा बाप बुधा, हरसूलचा. दुसऱ्या टोकाला जीवनचा दोस्त समर्थ, आणि त्याला चिकटून हवालदार. मधली जागा रिकामी होती, पण तिथं बसायची कोणाची छाती नव्हती.

उज्वलाताई गांगुर्डेंना फोन बुधानंच केला होता. मागच्या वर्षी त्याच्या मजूरटोळीतली हरवलेली मुलगी ताईंनी चार दिवसांत शोधून दिली होती. तीस वर्षं त्यांनी नाशिक रोडच्या छापखान्यात नोटांतले दोष हुडकले, निवृत्तीनंतर माणसांतले हुडकायला घेतले. नवनाथराव तिथं शेजारच्या टेबलावर असत. त्यांच्या नजरेतून निसटलेला दोष ताईंच्या हाती लागायचा. तो रिवाज अजून मोडला नव्हता.

"सुरू काय करणार?" ताईंनी विचारलं.

"दारू भेसळीची असावी. त्यावरचं औषध मुंबईहून यायला रात्र होईल. तोवर शुद्ध अल्कोहोल शिरेतून द्यायचं, ते विषाला अडवतं. तपासणीचा अहवाल उद्या मिळेल."

"आणि भेसळ नसेलच तर?"

"तर त्याच्या हालात भर. रक्तदाब आधीच तळाला गेलाय." डॉक्टरांनी कपाळ चोळलं. "लक्षणंही धड जुळत नाहीत. नखं निळी दिसतात, पण ऑक्सिजन सत्त्याण्णव."

बुधा उठून पुढं आला. "ताई, त्या पोरानं माझ्या पोराला विष पाजलं. येवढं शाबीत करून द्या." त्यानं हात जोडले. भेगांत निळसर मळ बसलेले ते हात पाहून नवनाथरावांना भरून आलं.

"जीवन दारू घ्यायचा?"

"थेंब नाय."

"सकाळी कुठं होता?"

बुधानं मान खाली घातली. "कालेजात."

खिडकीशी संजना उभी होती, जीवनच्या वर्गातली. व्हिडिओ तिनंच काढला होता. तिनं मोबाइल पुढं केला.

गंगापूर धरणाचा काठ, भर दुपार. दारूची बाटली एका श्वासात रिकामी करायची, 'एका दमात बाटली' नावाचं ते खूळ मोबाइलवर थेट दाखवलं जात होतं. पाहणारे खाली लिहीत होते: 'चहा आहे रे', 'कोणाला तरी वास द्या'. मग समर्थनं बाटली एका भेळवाल्याच्या नाकाशी नेली. तो तोंड वाकडं करून म्हणाला, "दारूच हाय." समर्थनं अर्धी बाटली रिचवली, उरलेली जीवननं. नऊ मिनिटांनी जीवनचा चेहरा, कान, मान लालबुंद झाली. तो धापा टाकत कोसळला.

"पोलीस म्हणतात, समर्थनं प्यायचं नुसतं सोंग केलं," संजना म्हणाली.

"घसा हलतोय त्याचा. प्यायलाय." ताईंनी व्हिडिओ पुन्हा लावला. "जीवन कॉलेजातून तुझ्याबरोबरच आला?"

"कॉलेजात नव्हताच तो. बारा वाजता थेट धरणावर आला, हात खिशात. मी म्हटलं, नवरदेव, मेंदी लपवताय का? चिडला."

नवनाथराव कुजबुजले, "ही पोरगीपण संशयातच हं. गाजावाजा झाला तर फायदा हिचा."

"तुमचा संशय म्हणजे रेशनचा तांदूळ, नवनाथराव. प्रत्येकाला सारखा." ताई समर्थसमोर जाऊन बसल्या. "बोल."

"कोरा चहा होता, काकू. आम्ही नेहमी तोच भरतो."

"मग भेळवाल्याचं नाक खोटं?"

"बाटली धुतली नव्हती."

"न धुतलेल्या बाटलीनं भर दुपारी भेळवाल्याचं तोंड वाकडं होत नाही. किती घातलीस?"

समर्थनं हवालदाराकडे पाहिलं. "हे लिहून घेतील. मग म्हणतील, यानंच मारलं."

"चारला आत काय टोचणार ते ऐकलंस ना? तुझी कातडी वाचव नाहीतर त्याचा जीव. दोन्ही आज जमायचं नाही."

समर्थनं हवालदाराकडे पाठ केली. "अर्धा कप रम. दुकानातली, सीलबंद. नुसत्या वासासाठी. जीवनला सांगितलं नव्हतं, काकू. सांगितलं असतं तर त्यानं बाटलीला हातच लावला नसता."

"म्हणजे भेसळ नाही," नवनाथराव म्हणाले. "पण मग पोर पडलं कशानं?"

"बाटली एक. अर्धा कप दोघांत. एक इथं बसून रडतोय, एक आत पडलाय. फरक बाटलीत नाही, म्हणजे माणसांत."

तीन चाळीस झाले होते. ताईंनी परिचारिकेकडून कापूस आणि तेल घेतलं, कापूस तेलात बुडवला आणि बुधाचा हात धरून अंगठ्याच्या नखावर घासला. कापूस निळा झाला.

"पेस्ट कुठल्या बागेत लावलीत, बुधा?"

बुधानं हात मागं घेतला. "गिरणाऱ्याला."

"जीवनपण होता."

"येक माणूस कमी पडला. सकाळी सहापासून आला माझ्यासंगं. मोजे नव्हते हातात. म्हनला, आबा, कालेजात कळू देऊ नका मी मजुरीला जातो ते. मी शब्द दिला."

ताईंनी डॉक्टरांना दारातूनच हाक मारली.

"डॉक्टर, द्राक्षाची छाटणी झाली की काडीच्या डोळ्यांना, म्हणजे कोंब फुटतात तिथं, पेस्ट लावतात, सगळे एकदम फुटावेत म्हणून. कुठला डोळा झाला ते दिसावं, यासाठी तिच्यात रंग घालतात. तुमचा ऑक्सिजन बरोबर आहे. नखांवर आहे तो रंग. बापाच्या नखांवर तोच. पोरगा हात खिशात लपवत होता तो यासाठीच."

"पण पेस्टनं माणूस पडतो?"

"ती कातडीतून आत गेली की अंगाला दारू सोसत नाही. थोडीशीही. तोंड लाल होतं, धाप लागते, दाब कोसळतो. व्हिडिओत हेच झालंय. समर्थनं तेवढीच घेतली, पण तो बागेत गेला नव्हता. या पट्ट्यातला प्रत्येक मुकादम सांगतो, पेस्टच्या दिवशी बाटलीला शिवायचं नाही." ताईंचा आवाज खाली आला. "आणि चारला तुम्ही त्याला दारूच देणार होतात."

डॉक्टर वळल्या त्या जवळजवळ धावतच. "ते लावू नका," आतून आवाज आला. "काढून ठेवा ते."

तीन बावन्न.

"कोणी मारायला निघालंच नव्हतं," ताई नवनाथरावांना म्हणाल्या. "बापाला पेस्ट ठाऊक, दारू नाही. याला दारू ठाऊक, पेस्ट नाही. जीवनला दोन्ही कळलं असतं तर तो आत नसता. जो तो आपली अब्रू झाकत बसला."

बुधा भिंतीला टेकून खाली बसला. "मुकादमानं सांगितलं व्हतं सगळ्यांना. जीवन तेव्हा पानी आणायला गेलता. मीच नाय सांगितलं त्याला." त्यानं हात उलटेसुलटे करून पाहिले. "पीतच नाय पोरगा. त्याला काय सांगायचं?"



संजना हळूच म्हणाली, "व्हिडिओ काढून टाकू?"

"आधी लिही, बाटलीत चहा होता," ताई म्हणाल्या.

"सगळे थुंकतील आमच्यावर."

"बघून किती जणांनी केलंय?"

तिनं मोबाइल पाहिला. "मालेगावच्या दोघांनी, तासाभरापूर्वी." तिचा अंगठा थबकला. "त्यांच्या बाटलीत चहा नसणार." मग ती भराभर लिहू लागली.

सहा वाजता डॉक्टर बाहेर आल्या. "दाब किंचित वर सरकलाय. आजची रात्र निघू दे, मग बोलू." हवालदारानं कुठंतरी फोन लावला आणि बोलत बोलत तो जिन्याकडे गेला.

कॅन्टीनमधलं दूध संपलं होतं. नवनाथरावांनी कागदी कपात कोरा चहा आणून बुधाच्या हातात दिला. बुधानं कप नाकाशी नेला, बराच वेळ वास घेत राहिला. मग बाकाच्या मधल्या रिकाम्या जागेत येऊन बसला आणि तो कप त्यानं समर्थपुढं धरला.

"पी," तो म्हणाला. "सावकाश."