गोधडीत कोण घोरतंय?

बसा, पण त्या खुर्चीवर हात फिरवून मगच बसा. आमच्याकडे पाहुण्यांना पाणी नंतर विचारतात, आधी सुई टोचली का ते विचारतात. दिवा राहू दे तसाच. दुपार असली तरी या खोलीत उजेड कमीच येतो, आणि ही गोष्ट सांगताना मला थोडा उजेड जवळ असलेला बरा वाटतो.

त्या गुरुवारी मी फक्त राखाडी दोऱ्याचं एक रीळ आणायला बाहेर पडले होते. रिळाच्या दुकानाला लागूनच जुन्या कपड्यांचं दुकान आहे. तिथला दुकानदार मला लांबून ओळखतो आणि माझ्यासाठी पिशव्या बाजूला काढून ठेवतो. त्या दिवशी त्याने चौकड्यांच्या शर्टांनी भरलेली एक निळी पिशवी ठेवली होती. मऊ, वापरून वापरून सायीसारखं झालेलं कापड. गोधडी शिवणाऱ्या बाईला असं कापड दाखवणं हा गुन्हा आहे. रीळ विसरले आणि पिशवी घेऊन घरी आले.

सकाळी मी शाळेच्या कार्यालयात कारकुनी करते. एकला घरी येते, जेवणं आवरते, आणि मग अडगळीच्या खोलीत माझं राज्य सुरू होतं. त्या राज्यात तेव्हा सात गोधड्या होत्या आणि सातही अर्धवट. एकीला अस्तर नाही, एकीला कड नाही, एक तर मी कुणासाठी सुरू केली तेच विसरले होते. नवरा दारातून डोकावून म्हणायचा, "एक ना धड, भाराभर चिंध्या." माझ्या बाबतीत ही म्हण अक्षरशः खरी असल्यामुळे मला उलट बोलायचीही सोय नव्हती.

पण त्या वेळी घरात थट्टेचे दिवस नव्हते. सासरे जाऊन आठ महिने झाले होते आणि सासूबाईंची झोप त्यांच्याबरोबरच गेली होती. बाबा घोरायचे. साधंसुधं नाही, शेजारच्या घरातलं बाळ उठायचं. बेचाळीस वर्षं सासूबाई त्या घोरण्याच्या नावाने बोटं मोडत झोपल्या, आणि आता खोली शांत झाल्यावर त्यांचा डोळ्याला डोळा लागेना. डॉक्टरांनी तीनदा गोळ्या बदलल्या. बाई वाळत चालल्या. दिवसा उभ्याउभ्या पेंगायच्या. एकदा चष्मा फ्रीजमध्ये सापडला, ते आम्ही हसण्यावारी नेलं. मग एकदा गॅस चालू राहिला, तेव्हा कुणी हसलं नाही.

नवऱ्याने वृद्धाश्रमाचा अर्ज आणला. "तिथे रात्रभर नर्स असते," तो म्हणाला, आणि माझ्याकडे न बघता अर्ज टेबलावर पालथा ठेवला. महिनाअखेरीस निर्णय घ्यायचा असं ठरलं. मला रडू आलं. सासूबाईंचं माझं पटतं अशातला भाग नाही, माझ्या स्वयंपाकात मीठ कमी असतं हे त्या पंधरा वर्षं सांगतायत. पण त्यांच्याशिवाय ते सांगणार कोण?

म्हणून मी सासूबाईंना म्हटलं, "आई, बाबांचे शर्ट द्या. गोधडी करते. त्यांचं कापड अंगावर असलं तर कदाचित झोप लागेल."

त्यांनी कपाट उघडून शर्ट स्वतः पिशवीत भरून दिले. आता आमच्या घरात पिशव्या म्हणजे त्या जुन्या कपड्यांच्या दुकानाच्याच, सगळ्या निळ्या. मी ती पिशवी अडगळीच्या खोलीत, फळीवर, आधीच्या पिशवीशेजारी ठेवली. पुढे काय झालं असेल ते तुम्हाला कळलंच असेल. मला कळायला महिना लागला.

शर्टाची गोधडी करताना आधी कॉलर कापून काढायची, कफ काढायचे, बटणं बरणीत टाकायची, आणि उरलेल्या कापडाचे चौकोन पाडायचे. एकदा चौकोन पडले की सगळे शर्ट सारखे. चौकडी ती चौकडी. मी दहा दिवस मान वर केली नाही. रविवारी दुपारी शेवटचा टाका घातला आणि आयुष्यात पहिल्यांदा एक गोधडी पूर्ण झाली. नवऱ्याने हात जोडले, मला की गोधडीला ते कळलं नाही.

सासूबाईंनी गोधडी हातात घेतली. बोटांनी चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. माझ्याकडे जरा वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "छान झालीय," आणि पांघरून आडव्या झाल्या.

दुपारचे अडीच वाजले असतील. घर अगदी गप्प झालं. रस्त्यावर गाडी नाही, नळाचा थेंब नाही. पडदे ओढलेले, आणि त्यातून येणारा उजेड पाण्यातून आल्यासारखा. मी भांडी पुसत होते, आणि मला घोरणं ऐकू आलं.

आधी मला आनंदच झाला. झोपल्या एकदाच्या! पाय न वाजवता मी त्यांच्या दारापाशी गेले. सासूबाई कुशीवर शांत झोपल्या होत्या. तोंड मिटलेलं. श्वास इतका हलका की गोधडीची कडही हलत नव्हती. आणि घोरणं चालूच होतं. खोल, संथ, पुरुषी. ते त्यांच्या पायांकडून येत होतं. मग पाठीकडून. खोलीत एक वास होता, ओल्या रंगाचा, नुकत्याच रंगवलेल्या दाराला येतो तसा. आमच्या घराला रंग लावून सहा वर्षं झाली होती.

मी नवऱ्याला बोलावून आणलं. तो दारात उभा राहिला. ऐकलं. त्याचे डोळे भरले.

"बाबा…" तो कुजबुजला.

"आत जा ना मग," मी म्हटलं.

"मी?" तो एक पाऊल मागे सरकला. "अगं… झोपलेत ते. कशाला उगाच…"

बापावर त्याचं फार प्रेम होतं, पण त्या दिवशी त्याने जेवणाच्या टेबलावरून त्या खोलीकडे पाठ केली नाही. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. आमच्या बाबांची मेल्यावरही गेली नाही, अशी आम्ही आपली समजूत घातली. भीती वाटत होती, नाही म्हणत नाही. पण घरातलंच माणूस, त्याला घाबरायचं तरी किती?

आणि सासूबाई सुधारल्या! रात्री आठ तास, दुपारी दोन तास. गालांवर मांस आलं. एका सकाळी त्या पहिला घास घेऊन म्हणाल्या, "मीठ कमी आहे," आणि मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. नवऱ्याने अर्ज खणात सरकवला. फाडला मात्र नाही.

तीन आठवडे असे गेले. मग एका दुपारी अडगळीच्या खोलीत मी नवव्या गोधडीसाठी कापड शोधत होते. फळीवरची निळी पिशवी ओढली. वरचाच शर्ट उलगडला आणि खिशावर शाईचा डाग दिसला. दुसरा शर्ट, खिशावर डाग. तिसरा, डाग. बाबांचं पेन जन्मभर गळत होतं.

कापलेल्या कॉलरी मी एका डब्यात टाकल्या होत्या, त्या काढल्या. बाबा काठीसारखे किडकिडीत, कॉलरचं माप साडेचौदा. डब्यातली एकूण एक कॉलर सतराची होती.

मी तशीच पायात चपला सरकवून जुन्या कपड्यांच्या दुकानात गेले. विचारलं, ती पिशवी कुणाची होती?

"एका घरमालकाने दिलेली," दुकानदार म्हणाला. "भाडेकरू वारले त्याचे. रंगारी होते. एकटेच असायचे, मागेपुढे कुणी नाही." मग तो घड्या घालता घालता थांबला. "पण बरं झालं विचारलंत. ते शर्ट मागायला एक गृहस्थ येऊन गेले. तीन आठवड्यांपूर्वी, रविवारी. दुकान बंद होतं, मी आत आवरत होतो. काचेवर टकटक करत होते."

"कोण गृहस्थ?"

"अंगाने दांडगे. अहो, एवढ्या थंडीत नुसत्या बनियनवर! मी म्हटलं, विकले गेले हो. तर जरा वेळ उभे राहिले… कान देऊन ऐकल्यासारखे… आणि म्हणाले, असू दे, सापडले."

"किती वाजता?"

"अडीचच्या सुमाराला."

घरी येऊन मी नवऱ्याला सगळं सांगितलं. तो भुताला घाबरला नाही, वेगळ्याच गोष्टीने हबकला.

"म्हणजे आईच्या खोलीत परका पुरुष आहे? तीन आठवडे?"

"हळू बोल. पुरुष नाही, घोरणं आहे."

"घोरणं काय आपोआप येतं? आणि तू… तूच आणून पांघरवलंस त्याला आईवर!"

भिंतीपलीकडे सासूबाईंची दुपारची झोप चालली होती, आणि आता तेच घोरणं ऐकून माझ्या अंगावर काटा येत होता. कोण, कुठला, त्या म्हाताऱ्या बाईला बिलगून निजलेला. त्याच्या मनात काय आहे, कुणी सांगावं? ती गोधडी काढायलाच हवी होती. ती काढली आणि झोप पुन्हा गेली तर अर्ज खणात तयारच होता. मी आठ दिवस दिवसरात्र एक करून खऱ्या पिशवीतल्या शर्टांची दुसरी गोधडी शिवली आणि सासूबाई आंघोळीला गेल्यावर गुपचूप बदलली. पहिली घडी करून कपाटाच्या तळाशी कोंबली. कोंबताना ती जड लागली, माणूस उठायला कुरकुर करतो तशी.

त्या दुपारी मी कान लावून बसले. काही नाही. बाबांची गोधडी गप्प. रात्रीही गप्प. सासूबाईंच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत जळत होता. तिसऱ्या दिवशी त्यांच्या डोळ्यांखाली काळं आलं, चौथ्या दिवशी गॅस चालू राहिला. नवऱ्याने न बोलता खण उघडला, अर्ज काढला आणि पेन शोधायला लागला.

तेवढ्यात सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. "माझी गोधडी कुठे ठेवलीस गं?"

"आई, ती तुमच्याच खाटेवर…"

"ती नाही. पहिली."

मग मला राहवेना. रडत रडत सगळं सांगून टाकलं. पिशव्या, कॉलरी, रंगारी, बनियन.

"मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या. "हातात घेतली तेव्हाच कळलं. बेचाळीस वर्षं ह्यांचे शर्ट मी धुतले. ते कापड मी कधी धुतलेलंच नव्हतं."

"मग बोलला का नाहीत?"

"तू पहिल्यांदा काहीतरी पूर्ण केलं होतंस. कोणत्या तोंडाने बोलणार?"

नवरा पेन हातात धरून तसाच उभा. "आई, तुला भीती नाही वाटली?"

"वाटली की! पाचावर धारण बसली होती. पण भीतीचा विचार करता करता झोप लागली." त्यांनी पदर सारखा केला. "बापडा त्रास देत नाही. जरा पलीकडे हो म्हटलं की होतो. तुझे बाबा कधी झाले?"

नवऱ्याने अर्ज फाडला. आधी दोन तुकडे केले, मग चार, मग मला म्हणाला, "घे, हेही शिव कशात तरी." मी पहिली गोधडी कपाटातून काढून आणली. सासूबाईंनी ती पांघरली आणि दुसरी पायांवर घेतली. "हीपण राहू दे. नाही तर तुझे बाबा वरून टोमणे मारतील."

त्या दुपारी रंगाऱ्याचं खोल घोरणं सुरू झालं. मी दारात उभी होते. पाचच मिनिटांत पायांकडून दुसरं घोरणं उठलं. रागावलेलं, शेवटी शिट्टी असलेलं. नवरा माझ्या मागे उभा होता, तो खांद्यावर डोकं ठेवून रडायलाच लागला. "हेच… हीच शिट्टी." बाबा आले होते. कुणी दुसरा आला म्हणून का होईना, आले होते. सासूबाई झोपेत हसत होत्या.

आता तुम्हाला गेल्या मंगळवारचं सांगते आणि थांबते. महिनाभराच्या शिवणकामाने आणि जागरणाने माझा अगदी पिट्ट्या पडला होता. सासूबाई उठून खोलीला लागून असलेल्या गच्चीवर कुंड्यांना पाणी घालायला गेल्या. त्यांची खाट मोकळी होती, दोन्ही गोधड्या ऊबदार. मी म्हटलं, पाचच मिनिटं. मी अंगावर ओढून घेतल्या आणि पडल्याबरोबर झोपून गेले.

जाग आली ती कुणीतरी बरगडीत कोपर मारल्यामुळे. हळूच, दोनदा, भिंतीच्या बाजूने. माझा घसा कोरडा पडला होता, म्हणजे मीच घोरत असणार. सासूबाई खिडकीतून मला स्पष्ट दिसत होत्या, गच्चीवर, हातात झारी. मी श्वास रोखून ऐकलं. छातीवरच्या गोधडीत रंगारी घोरत होता. पायांवरच्या गोधडीत बाबांची शिट्टी चालू होती. दोघंही गाढ झोपेत.

कोपर पुन्हा लागलं, आता जरा जोरात. मी भिंतीकडे पाहिलं नाही. मी मुकाट्याने सरकले आणि जागा करून दिली.