गोदाआजीचे धवले

"पाच वाजता दुकानवाला येईल आणि कॉम्प्युटर भंगारात घेऊन जाईल. तोवर कुणी हात लावायचा नाही!" असं बजावून कमलेशकाका कामाला निघून गेला.

 पण त्या कॉम्प्युटरमध्ये कृतिकाच्या गोदाआजीचा आवाज होता. ठाण्याजवळच्या बाळकुम गावातल्या लग्नांत आजी धवले गायची. आगरी लग्नातली ती जुनी गाणी तिला तोंडपाठ होती. मे महिन्यात कृतिकाने रोज दुपारी तिला बसवून ती रेकॉर्ड केली. श्रावणात आजी गेली आणि दिवाळीच्या सुट्टीत कॉम्प्युटर सुरूच होईना. दुकानवाल्याने घरातल्या जुन्या सीडीवरून ऑपरेटिंग सिस्टम पुन्हा टाकायला घेतली, पण पहिल्याच पानावर कीबोर्ड बंद! माऊसही हलेना. "मदरबोर्ड जळाला, डिस्कही गेली," असं सांगून तो मोकळा झाला.

"बोर्ड जळाला, तर सीडी कशी चालली?" सुश्रुतने विचारलं. तो आणि श्रिया कृतिकाच्याच आठवीच्या वर्गातले. दोघं समोरच्या सोसायटीत राहायचे.

"काका ओरडेल रे," कृतिका हळूच म्हणाली.

ओटीवरून काळुरामआजोबांचा आवाज आला, "मी हाय ना! लावा हात. तुजे आजीचा आवाज हाय त्यान."

श्रियाने बटण दाबलं. अगदी सुरुवातीला सेटिंगचा निळा पडदा उघडला आणि बाण दाबताच त्यावरची ओळ वरखाली सरकू लागली.

"अरे, कीबोर्ड चालतोय!"

मग सीडी सुरू झाली आणि कीबोर्डवरचा हिरवा दिवा टपकन विझला. तीनदा करून पाहिलं. तिन्ही वेळा तसंच!

"बोर्ड जळलेला नाही," कृतिका म्हणाली. "सीडीवरची सिस्टम आली की मगच हा बंद पडतो."

सुश्रुतने त्याच्या कल्याणच्या हेमामावशीला फोन लावून सगळं सांगितलं. ती कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची.

"वायर कुठे लावलीय?" मावशीने विचारलं.

कृतिका मागे वाकली. "निळ्या यूएसबीत. इथे सगळ्या निळ्याच आहेत."

"ही सीडी त्या निळ्या यूएसबीच्या आधीची असणार. तिला त्या ओळखताच येत नाहीत! मागे जांभळं गोल भोक आहे का?"

"आहे!"

"मग गोल पिनेचा कीबोर्ड हवा. माझ्या माळ्यावर आहे, या घेऊन जा. पिन लावताना मशीन बंद ठेवा. आणि ऐका, फॉरमॅट करताना, म्हणजे डिस्क पुसताना, तिचा चुकीचा भाग निवडलात तर आजीचा आवाज कायमचा जाईल!"

आजोबांना सांगून तिघं निघाली. मावशीकडून परत येताना बस कशेळीच्या पुलाअलीकडे अडकली. ट्रकांची रांग हलेना. धुळकट कीबोर्ड छातीशी धरून कृतिका सारखी घड्याळ बघत होती. 

घरी पोचायला साडेचार वाजले. मशीन बंद करून पिन लावली. पुन्हा तेच पान आलं. कृतिकाने बाण दाबला आणि निवड खाली सरकली!

एवढ्यात काका आणि दुकानवाला आत आले.

"कुणी हात लावायला सांगितला?" काका कडाडला.

"मी!" आजोबा म्हणाले.

दुकानवाल्याने पडद्याकडे पाहिलं. "चालू झाला? मग सगळंच फॉरमॅट मारा, पाच मिनिटांत सुटाल!"

"नाही!" कृतिकाने पडद्यावर बोट ठेवलं. "इथे दोन भाग दिसतायत. छोट्यात सिस्टम होती. मोठ्यात आजी आहे."

श्रियाने दोन्ही भागांच्या आकाराचे आकडे वाचले. सुश्रुतने ते पुन्हा पडताळले. मगच कृतिकाने छोटा भाग निवडला आणि एंटर दाबलं.

सिस्टम बसेपर्यंत अर्धा तास कुणी जागचं उठलं नाही. शेवटी मोठ्या भागातलं 'आजी' नावाचं फोल्डर उघडलं आणि घर गोदाआजीच्या खणखणीत आवाजाने भरून गेलं. गाणं संपलं, तशी ती रेकॉर्डिंगमध्येच म्हणाली, "झाला का गं पोरी? आता तुजे आजोबाला चाय देते."

काळुरामआजोबांनी टॉवेलात तोंड लपवलं.

"मागचं ते गोल भोक मी बघितलंच नव्हतं," दुकानवाला खालमानेने पुटपुटला आणि निघून गेला.

 मग कमलेशकाका कृतिकाशेजारी जमिनीवर बसला. "माझी आई होती ती. आणि मी एकदाही विचारलं नाही, खरंच जळालाय का म्हणून. तुम्ही तिघांनी विचारलंत. शाब्बास, पोरांनो!" त्याने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. "कृतिका, पुढचं गाणं लाव."